मुका माड

तळा गावाहून मोहितेकाकांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी परसात पंप बंद करून माडाला कान लावून उभी होते. "माड ऐकतेय रे, दोन मिनिटांत करते," म्हणून मी फोन ठेवला. दुसरा कुणी असता तर बाईचं डोकं फिरलं म्हणाला असता. त्याला त्यात नवल वाटलं नाही. मीच परत फोन केला तेव्हा त्यानं सांगितलं की बाबा पहाटे गेले. मी तशीच उभी राहिले आणि पंप परत चालू करायचं त्या दिवशी विसरलेच. सुपारीला पाणी मिळालं नाही म्हणून आमचे हे संध्याकाळी करवादले. करवादू देत.

मोहितेकाका आमच्या नात्याचे नव्हेत, जातीचे नव्हेत, गावचेही नव्हेत. तळ्याकडच्या एका खेड्यातले. सरकारी रोपवाटिकेत माळी म्हणून इकडे आले आणि निवृत्त झाल्यावर नागावातच, आमच्या आळीच्या टोकाला, दोन खोल्या बांधून राहिले. निळं फाटक, आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, मागे हातभर परस आणि त्यात एकुलता एक माड. स्वतःचा माड एक, आणि काळजी आख्ख्या आळीच्या माडांची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला सूनबाय म्हणायचे, माझ्या सासऱ्यांच्या मैत्रीखातर. सासरे गेले, सासू गेली, मला स्वतःला जावई आला, तरी मी आपली सूनबायच.

माडाला दोन भुंगे छळतात. एक गेंड्या, एक सोंड्या. काका हे अशा थाटात सांगायचे की जणू आळीतल्या दोन भाऊबंदांबद्दल बोलतायत. "गेंड्या दांडगा हाय, पर भोळा," ते म्हणायचे. तो शेंड्यात शिरतो, कोवळ्या झावळ्या कुरतडतो, झावळी उघडली की कात्रीनं कापल्यासारखी नक्षी दिसते. दिसला की तारेची आकडी घालायची, ओढून काढायचा, शेंड्यात मीठ-वाळू भरायची, विषय संपला. सोंड्याचं तसं नाही. सोंड्याची मादी खोडाला कुठे जखम आहे ते हुंगत येते, तिथे अंडी घालते आणि निघून जाते. मग तिच्या अळ्या आत बसून महिनोन्‌महिने माड खातात. बाहेरून माड हिरवागार, नारळ लागलेले, आपण खूष. आणि एक दिवस वारा येतो नि तो मोडून पडतो.

आत अळी आहे हे वेळेवर कळायला आमच्या आळीत एकच उपाय होता. मोहितेकाकांचा डावा कान.

ते सकाळी यायचे, आठ ते दहाच्या मध्ये. अकराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो, मग झावळ्यांच्या सळसळीत काही ऐकू येत नाही. आले की आधी हुकूम सोडायचे. पंप बंद. मिक्सर बंद. टीव्ही बंद. शेजारच्या वाडीतलाही पंप बंद. मग चपला काढायच्या, टोपी काढून खिशात कोंबायची, खोडाला मिठी मारल्यासारखे दोन्ही हात लावायचे, डावा कान टेकायचा आणि डोळे मिटायचे. मग एक हात वर करायचे. तो हात वर गेला की आळीत कुणी श्वास मोठ्यानं घेत नसे. एकदा माझ्या हातातून चमचा पडला तर डोळे न उघडता म्हणाले, "सूनबाय, स्वयंपाक जरा मागनं कर."

पाच मिनिटं, कधी दहा. मग निकाल. आत कुरतडणं ऐकू आलं तर म्हणायचे, "बोलतोय." काहीच नाही आलं तर, "मुका हाय." त्यांच्या भाषेत मुका माड म्हणजे धडधाकट माड. खिशातून चुन्याची डबी काढायचे. तंबाखू केव्हाच सुटली होती, डबी सुटली नव्हती. बोटावर चुना घेऊन मुक्या माडाला खोडावर गोल काढायचे, बोलणाऱ्याला फुली. आळीतून चाललं की खोडाखोडांवर काकांचे गोल आणि फुल्या दिसायच्या.

आळीतली पोरं काय सोडतात होय. "आजोबा माडाचा मुका घेतात," म्हणून ओरडत पळायची. काकाही कमी नव्हते. "घेतो तर. तुम्ही घिऊ देत न्हाय म्हणून माडाचा घेतो," म्हणायचे आणि परत डोळे मिटायचे.

मी स्वतः यावर विश्वास ठेवत नव्हते. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा एक खेळ आहे, करमणूक होते, होऊ दे. एकदा शेजारच्या वाडीतल्या एका माडाला त्यांनी फुली मारली. माड चांगला टवटवीत. मी हसले. काकांनी माझं मनगट धरलं, माडापाशी नेलं आणि म्हणाले, कान लाव. मला आधी काहीच ऐकू येईना, माझ्याच कानातलं रक्त सूं सूं करत होतं. "घाई करू नको. तुझा आवाज आधी संपू दे," म्हणाले. आणि मग आलं. आत, अगदी कानापाशी, कुणीतरी चुरमुरे खात बसल्यासारखं. करर, थोडं थांबून परत करर. अंगावर सर्रकन काटा आला. मी मागे सरले तर काका हसत होते.

त्या माडाला त्यांनी खालची भोकं चिखलानं लिंपली, वरच्या भोकात नरसाळं लावून औषध ओतलं आणि तेही सिमेंटनं बंद केलं. दुसऱ्या दिवशी कान लावला, "बडबड कमी झाली." चौथ्या दिवशी फुली पुसून तिथे गोल काढला. तो माड आजही नारळ देतोय. त्या दिवसापासून मी मात्र त्यांच्या कानाची भक्त झाले. आता भक्तीचं असं आहे, की एकदा जडली की आपण डोळे उघडायचं विसरतो. ते पुढे सांगते.

जखम, म्हणजे माडाला केलेली जखम, हा त्यांचा खरा रागाचा विषय. चढायला सोपं जावं म्हणून खोडाला कोयत्यानं खाचा पाडणारी माणसं त्यांच्या दृष्टीनं खुनी. आमच्याकडे घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या, मग माडामाडांवर खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लागल्या. एका घरमालकाच्या अंगणात पाहुणे नाश्ता करत बसले होते आणि काका पक्कड घेऊन आत शिरले. कुणाला काही न विचारता सगळे खिळे उपटले, माळा गुंडाळून टेबलावर, पोह्यांच्या शेजारी ठेवल्या आणि भोकांत डांबर भरून निघून गेले. घरमालक तावातावानं त्यांच्या दारात गेला. काकूंनी, म्हणजे शेवंताकाकूंनी, त्याला बसवून बिनदुधाचा चहा पाजला. तो परत आला तो गप्प.

आणि मी काय केलं? मीही खिळा ठोकला. आमच्या घराच्या मागे पत्र्याची एक खोली आहे, पाहुण्यांसाठी बांधलेली. तिच्या पाठीला टेकून एक उंच माड, खोलीकडे किंचित झुकलेला. चादरी वाळत घालायला दोरी हवी होती, माड सोयीचा होता. काकांनी तो खिळा पाहिला आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण न बोलता येत राहिले. खिळा काढला, डांबर भरलं आणि दर पंधरवड्याला त्या एका माडाला कान लावू लागले. "ह्या भोकातनं तो येनार. आज न्हाय तर उद्या येनार," एवढंच एकदा म्हणाले. पण प्रत्येक वेळी निकाल एकच यायचा. मुका हाय. मी निर्धास्त.

रोपवाटिकेत असताना एकदा कुणी साहेब यंत्र घेऊन आले होते. माडाला टोचायचं, कानात बोंडं घालायची आणि अळीचा आवाज ऐकायचा. साहेबांनी ओळीतल्या एका माडाला निरोगी ठरवलं, काकांनी फुली मारली. पैज नव्हती, पण सगळे माळी बघत होते. माड तोडला तर आत अळ्या, अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या. ही गोष्ट काका वर्षातून दोनदा सांगायचे आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणायचे, "यंत्राला तोंड हाय, कान न्हाय."

एकदाच त्यांनी मला याच्यापलीकडचं काही सांगितलं. चहा पीत होतो, आमच्याच पडवीत. म्हणाले, "माझ्या बापाला कुनाच्या वाडीत पाय टाकायला मिळत नव्हता, सूनबाय. कडंकडंनं जायचा, पानं पडलेली उचलायची ती पन इचारून. आन मी वाडीत शिरलो की वाडीवाला पंप बंद करून हुबा ऱ्हातो." एवढं बोलून चहा संपवला. मी कप उचलून आत गेले.

मग हळूहळू ते बदलले. बाजारात मी हाक मारली, जय भीम काका म्हटलं, तर सरळ पुढे निघून गेले. मला राग आला. एवढा काय म्हाताऱ्याला भाव चढला. फोन उचलेनासे झाले. विचारलं एक की सांगायचे दुसरं, आणि तेही मोठ्या आवाजात. एकदा मी विचारलं, काकूंचा गुडघा कसा आहे? तर म्हणाले, "व्हय, पुढच्या आठवड्यात येतो." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं की काका आता चढेल झाले. हे म्हणाले, वय झालं. मी म्हटलं, वयाचा आणि उद्धटपणाचा काय संबंध? आज ते आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

पण माडांचं काम थांबलं नव्हतं. उलट जास्त वेळ कान लावायचे, पंधरा-पंधरा मिनिटं. डोळे घट्ट मिटलेले, कपाळाला आठ्या.

त्या मार्चात आमची मेघा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिला मागची पत्र्याची खोली दिली, कारण माडाच्या सावलीनं तीच सगळ्यात गार. पत्र्याखाली आडवा वासा होता, त्याला बाळाची झोळी बांधली. त्या आधी मी मुद्दाम काकांना बोलावून माड ऐकवला. त्यांनी भरपूर वेळ घेतला आणि ताजा, मोठा गोल काढला. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना बळंच डिंकाचा लाडू खायला लावला.

तीन आठवडे गेले असतील. सकाळची दुपटी धुऊन मी मागे वाळत घालायला गेले तर माडाच्या बुंध्यापाशी, जुन्या खिळ्याच्या भोकाखाली, तपकिरी चिकट ओघळ दिसला. डांबराला तडा गेलेला, आणि त्यातून चावून टाकल्यासारखा काथ्याचा ओला भुसा बाहेर आलेला. मला काकांनीच शिकवलं होतं की हे लक्षण कसलं. मी हातातल्या दुपट्यासकटच निळ्या फाटकापाशी गेले. काका माझ्याबरोबर आले, ओघळाला बोट लावलं, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. "जुनं असंल," म्हणाले. "बघतो."

चपला काढल्या. टोपी खिशात. कान टेकला, डोळे मिटले, हात वर.

मी उभी होते, हातात पिळलेलं दुपटं. मला आधी कळेना की मला इतकं अस्वस्थ का होतंय. काहीतरी चुकत होतं. काकांचा हात तसाच वर, चेहरा तसाच गंभीर, आणि मग माझ्या लक्षात आलं. पंप चालू होता. आमचा पंप, काकांच्या पाठीमागे चार पावलांवर, धडाधड चालू होता. गडबडीत मी तो बंदच केला नव्हता. दोन घरं पलीकडचा मिक्सर ज्यांना खपत नसे, ते डोळे मिटून, हात वर करून, त्या धडधडाटात उभे होते.

त्यांनी डोळे उघडले. "मुका हाय," म्हणाले आणि डबी काढली.

एका क्षणात मला आळीतले सगळे माड दिसले. कितीतरी दिवस मी त्यांच्यासमोरून जात होते. सगळे गोल. या वर्षात मी एकही फुली पाहिली नव्हती.

मी पळत जाऊन पंप बंद केला आणि माडाला कान लावला. माझा आवाज आधी संपू दे, संपू दे, असं स्वतःलाच म्हणत राहिले, पण छाती इतकी धडधडत होती की संपेना. आणि मग आलं. करर. करर, करर. एक नव्हे, कितीतरी. आख्खी पंगत बसली होती आत.

भिंतीपलीकडे माझी लेक बाळाला पाजून नुकती झोपली होती. घड्याळात दहा वाजायला आले होते. समुद्र पश्चिमेला, खोली पूर्वेला, मध्ये हा माड. वारा सुटला की तो कुठल्या बाजूला जाणार हे सांगायला मोहितेकाकांची गरज नव्हती.

मी मेघाला उठवलं. काही विचारू नको, बाळाला घे आणि पुढच्या घरात जा. तिनं माझं तोंड बघितलं आणि गेली. मग मी बाहेर आले आणि काकांच्या समोर उभी राहिले. मला सांभाळून बोलायला हवं होतं, पण मी सांभाळून बोलले नाही. मी ओरडले. माझी पोर झोपली होती त्याच्याखाली, तान्ह्या बाळाला घेऊन, आणि तुम्ही गोल काढताय, असं काय काय. ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की ते कधीपासून सगळ्यांच्या ओठांकडेच बघत असणार.

"बोलतोय?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

त्यांनी वर पाहिलं. शेंड्यातला मधला कोंब पिवळा पडून एका बाजूला कलला होता. कुणालाही दिसला असता. मला दिसायला हवा होता, आमच्या ह्यांना दिसायला हवा होता, पण आम्ही सगळेच कानावर विसंबलेले. "म्या वर बगितलंच न्हाय," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की त्यांना स्वतःलाही ऐकू गेलं नसेल.

मग मात्र हा माणूस एकदम ताठ झाला. आरडाओरडा ऐकून बाहेर आलेल्या आमच्या ह्यांनी फोन करून माडावर चढणारे दोघे बोलावले. त्यांच्यातला एक सवयीनं माडाला दोर बांधायला लागला तर काकांनी त्याला मागे ओढलं. ह्या माडावर कुणी चढायचं नाही. शेजारच्या माडावर चढा, तिथून ह्याच्या शेंड्याखाली दोराचा फास टाका, आणि सुपारीच्या बाजूला ओढून धरा. तो गडी शेजारच्या माडावर चढत होता तेव्हा झावळ्यांची टोकं हलायला लागली होती. फास दोनदा चुकला. काकांना वारा ऐकू येत नव्हता पण ते एकटक झावळ्यांकडे बघत होते आणि हातानं घाई करा, घाई करा, असं सांगत होते. तिसऱ्यांदा फास बसला. दुसरा गडी, काका, आमचे हे आणि मी, अशा चौघांनी दोर धरला. खाली कुऱ्हाडीचे दोनच घाव बसले असतील. तिसरा घालायची वेळच आली नाही. माड त्या खिळ्याच्या भोकापाशी आपोआप मोडला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, आणि दोर ओढलेल्या बाजूला सुपारीत जाऊन पडला. जाता जाता एक झावळी पत्र्यावर आपटली. कोपरा वाकून आत गेला. मी आत जाऊन पाहिलं. झोळीचा वासा सरकला होता आणि रिकामी झोळी जमिनीवर लोळत होती.

मी तिथेच खाली बसले.

बाहेर काका मोडलेल्या बुंध्यापाशी उकिडवे बसले होते. आत नुसता कुजका भुसा आणि त्यात अळ्याच अळ्या. शेवंताकाकू आवाज ऐकून आल्या होत्या, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या. त्यांनीच मला सांगितलं. पावसाळ्यापासून कान गेला. मुलानं ऐकायचं यंत्र आणून दिलं, ते पत्र्याच्या डब्यात पडून आहे. मी काकूंवर चिडले, तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? काकू म्हणाल्या, "कुनाकडं बोलू? लोक पंप बंद करतात म्हनून ते जगतायत."

काकांनी आमचं बोलणं ओठांवरून वाचलं असावं. माझ्याकडे वळून म्हणाले, "यंत्र लावून बगितलं, सूनबाय. खोडाला टेकलं की शिट्ट्या मारतं. यंत्र लावलं की सगळे माड बोलतात, काढलं की सगळे मुके." बुंध्यातला भुसा बोटानं उकरला. "मला वाटलं, असतील या साली सगळेच बरे."

माझा राग होता तो कुठे गेला कोण जाणे. खरं तर गेला नव्हता. राग होता, आणि त्याच्याच शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. मी घाम पुसला आणि त्यांना म्हटलं, चला उठा, आळीतले सगळे माड परत ऐकायचेत. मी ऐकते, तुम्ही बघा. त्यांना समजलं नाही म्हणून परत सांगितलं, तोंड त्यांच्यासमोर धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही निघालो. घरोघरी मी पंप बंद करायला लावले. काका आधी शेंडा बघायचे, मग बुंधा, मग बोटांनी जखमा चाचपायचे, आणि मग मला खूण करायचे. मी कान लावला की ते माझ्यासमोर येऊन माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. चार दिवस लागले. पाच गोल पुसून पाच फुल्या काढाव्या लागल्या. प्रत्येक वेळी काकांनी त्या घरच्या माणसाला स्वतः सांगितलं, "चूक माझी हाय. मला आयकू येत न्हाय." पाचही घरी. मी म्हटलं, मी सांगते ना, तर हातानं गप्प केलं. लोक काय बोलले ते सोडा, एक जण जरा जास्तच बोलला. पण पाचही माड औषध घालून वाचले.

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघं तसंच काम करत राहिलो, ते डोळे, मी कान. मग काकूंचा गुडघा फारच बिघडला आणि मुलानं दोघांना तळ्याला न्यायचं ठरवलं. टेम्पो यायच्या दिवशी मी सकाळी भेटायला गेले. सामान बाहेर काढलेलं. काका मला हाताला धरून मागे परसात घेऊन गेले, त्यांच्या एकुलत्या एक माडापाशी. घर बांधलं त्या वर्षी लावलेला.

"आमचा ऱ्हायला," म्हणाले. "आयक."

मी कान लावला. डोळे मिटले. माझा आवाज संपायची वाट पाहिली. आणि अगदी बारीक, दुरून आल्यासारखं, आलं. मी डोळे मिटूनच राहिले. खोटं सांगता येईल असं मनात आलं. गाव सोडून चाललेला माणूस, एक गोल काढू दे की. मग मी डोळे उघडले तर काका समोर उभे, माझ्या तोंडाकडे बघत. मी काही बोलायच्या आत त्यांनी मान हलवली.

"दिसलं," म्हणाले. "औषध घालशील?"

हो म्हटलं. घातलं मी नंतर, तो माड वाचला, आजही निळ्या फाटकामागे उभा आहे. फोन आला त्या सकाळी मी ऐकत होते तो माझ्या परसातला, पण महिन्यातली एक सकाळ ह्या माडाची असते.

काकांनी डबी काढली, स्वतःच्या माडावर स्वतःच्या हातानं फुली काढली आणि चुना लागलेलं बोट धोतराला पुसून डबी माझ्या हातात दिली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काकांनी चपला काढल्या. टोपी काढून खिशात कोंबली. माडाला दोन्ही हात लावले आणि गाल टेकवला. डावा नव्हे, उजवा. डोळे उघडे होते आणि हात वर गेला नव्हता.

शेजारच्या वाडीत पंप चालू होता. मी कुंपणापाशी गेले आणि शेजाऱ्यांना तो बंद करायला सांगितलं.